ब्लेनी मासा आणि काचेतला समुद्र

उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्ती आणि खडकाळ किनारे येथे राहणाऱ्या लहान माशांत ब्लेनींचा समूह मोठा असून, त्यांच्या प्रमुख कुलात, म्हणजे परस्परांशी जवळचे नाते असलेल्या प्रजातींच्या गटात, सुमारे चारशे जातींची नोंद झाली आहे. बोटभर लांबीचे, बोथट डोक्याचे, डोळ्यांवर अनेकदा केसासारखे तंतू असलेले आणि दगडाच्या छिद्रातून तोंड बाहेर काढून बसणारे हे मासे आज घरगुती सागरी मत्स्यालयांत सर्रास दिसतात, आणि मत्स्यपालनाच्या पुस्तकांत त्यांच्यातील बऱ्याच जातींपुढे ‘नवशिक्यांसाठी योग्य’ असा शेरा असतो. हा शेरा माशाच्या अंगभूत गुणांवरून दिलेला वाटतो. परंतु सागरी मत्स्यालयाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास तपासला, तर बदल माशात झालेला नसून पेटीत झालेला आहे, असे स्पष्ट दिसते. १९६०च्या दशकातील स्वच्छ, औषध घातलेल्या टाकीत शेवाळ खाणाऱ्या ब्लेनीला खाण्यासारखे काहीच नव्हते, आणि तीच ब्लेनी पुढे पंचवीस वर्षांनी टाकीची गरज म्हणून विकली जाऊ लागली. ही उलथापालथ कशी झाली, हे समजण्यासाठी मासा आणि पेटी या दोहोंची हकिगत एकत्र पाहावी लागते.

ब्लेनीचे शरीर तळाशी राहण्यासाठी घडलेले आहे. बहुतेक हाडयुक्त माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्या आधारे मासा हव्या त्या खोलीवर तरंगत राहतो. प्रौढ ब्लेनींपैकी बहुतेकांत ती नसते, त्यामुळे पोहणे थांबताच मासा खाली बसतो. अंगावर खवले नसतात, त्यांच्या जागी बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. पोटाकडचे पर छातीच्या परांच्याही पुढे, जवळजवळ गळ्याखाली आलेले असतात, आणि त्यांच्यावर रेलून, डोके उचलून बसण्याची जी लकब पाळणाऱ्यांना इतकी आवडते ती याच रचनेमुळे येते. शेवाळ खाणाऱ्या जातींच्या ओठांवर बारीक दातांची फणीसारखी ओळ असते. तिने मासा खडकावरचा शेवाळाचा पापुद्रा आणि त्यात अडकलेला सेंद्रिय गाळ खरवडून घेतो. काचेवर शेवाळ धरले असेल तर त्यात या खरवडण्याच्या, ओठांच्या आकाराच्या खुणा एकापुढे एक उमटलेल्या दिसतात, आणि मासा बिळात दडलेला असला तरी तो जेवतो आहे की नाही हे त्यांवरून कळते. मादी अंडी बिळात किंवा रिकाम्या शिंपल्यात चिकटवते आणि ती फुटेपर्यंत राखण सहसा नर करतो.

कोकणातील वाचकाला हे वर्णन वाचून खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या आठवतील, पण निवटी ही ब्लेनी नव्हे. ती गोबी या दुसऱ्या गटातील असून, गोबींचे पोटाकडचे पर सहसा एकत्र जुळून वाटीसारखे झालेले असतात, तर ब्लेनीचे पर सुटे आणि बोटांसारखे असतात. दोघांतील साम्य नात्यातून आलेले नाही, पाण्याच्या काठावर जगण्याच्या सवयीतून आलेले आहे. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या ओल्या खडकांवर उड्या मारत जाणाऱ्या ब्लेनीही हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर आहेत, आणि त्या चिखलाऐवजी दगड पसंत करतात.

यातील काही जातींना शास्त्रीय नावे फार लवकर मिळाली. बर्लिनचे वैद्य आणि मत्स्यशास्त्रज्ञ मार्कस एलिझर ब्लॉख यांनी १७८६ मध्ये अंगावर आडवे पट्टे असलेल्या एका ब्लेनीचे वर्णन केले. आज ‘सॅलॅरियस फॅसिएटस’ या नावाने ओळखली जाणारी ही जात मत्स्यालयांच्या व्यापारात शेवाळ कापणारी म्हणून ‘लॉनमोअर ब्लेनी’ या नावाने विकली जाते. ब्लॉख यांना परदेशी मासे मिळवून देणाऱ्यांत तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी, म्हणजे तेव्हाचे डॅनिश ट्रँकेबार, येथील मिशनरी क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन यांचा समावेश होता, आणि अठराव्या शतकातील भारतीय किनाऱ्यावरचे मासे अशा मार्गाने युरोपातील कपाटांत पोचले. सॅलॅरियस ही प्रजाती फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी १८१६ मध्ये निश्चित केली. मद्रास इलाख्याच्या वैद्यकीय सेवेतून मत्स्यशास्त्राकडे वळलेले फ्रान्सिस डे यांचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या १८८८च्या पुरवणीत त्यांनी ज्या ब्लेनीला दोन रंगांची म्हणून ‘बायकलर’ हे नाव दिले ती आज ‘एक्सेनियस बायकलर’ म्हणून जगभरच्या टाक्यांत आहे. तिचा पुढचा अर्धा भाग काळपट निळा किंवा तपकिरी आणि मागचा नारिंगी असतो. एक्सेनियस ही प्रजाती १९२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲलन मॅककुलक यांनी वेगळी केली आणि तिची सांगोपांग फेरतपासणी स्मिथसोनियन संस्थेतील व्हिक्टर स्प्रिंगर यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. जिवंत मासा दूरच्या शहरात नेऊन पाळता येईल, ही कल्पना ब्लॉख यांच्या काळी कोणाच्या आवाक्यातली नव्हती. संग्रहालयांतील कामाचा आधार मुख्यतः मद्यार्कात बुडवलेले आणि रंग उडालेले नमुने हाच होता.

समुद्रातील जीव घरात जिवंत ठेवण्याचे पहिले सुसंगत प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहेत. सिसिलीतील मेसिना येथे जान व्हिलप्र-पॉवर यांनी १८३२च्या सुमारास ‘आर्गोनॉट’ या अष्टपादाच्या अभ्यासासाठी काचेच्या पेट्या वापरल्या. इंग्लंडमध्ये ॲना थिन यांनी १८४६ मध्ये टॉर्की येथून प्रवाळजीव लंडनला आणले आणि ताजे समुद्राचे पाणी रोज मिळणे शक्य नसल्याने तेच पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वारंवार ओतून त्यात हवा मिसळण्याची व्यवस्था केली. हे काम घरातील मोलकरणीकडे होते. पंपाने हवा सोडण्याच्या आजच्या पद्धतीचा मूळ हेतू त्या ओतकामात पुरा आलेला आहे, आणि ते करणाऱ्या बाईचे श्रम या छंदाच्या इतिहासात क्वचितच मोजले गेले आहेत. १८५० मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोड्या पाण्यातील सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून वनस्पती प्राणवायू देतात व प्राणी तो वापरतात असा समतोल मांडला. काचेवरचा कर इंग्लंडमध्ये १८४५ मध्ये रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती, म्हणून ही कल्पना प्रयोगशाळेपुरती न राहता दिवाणखान्यात शिरली.

फिलिप हेन्री गॉस या निसर्गलेखकाने या छंदाला समुद्राकडे वळवले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सुरू झालेल्या आणि जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय मानल्या जाणाऱ्या मत्स्यगृहाला जीव पुरवण्यात त्यांचा वाटा होता, आणि १८५४ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘द ॲक्वेरियम’ या पुस्तकाने समुद्रकाठी जीव गोळा करण्याची लाट उसळवली. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यांनी साधे मीठ आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचे क्षार मोजून मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतीही दिली. या काळातील टाक्यांत इंग्लंडच्या किनाऱ्यावरची ‘शॅनी’ ही ब्लेनी लोकप्रिय होती, आणि त्यामागे सबळ कारण होते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील डबक्यात राहणाऱ्या या माशाला उन्हाने तापलेले, पावसाने पातळ झालेले आणि प्राणवायू कमी पडलेले पाणी रोजच सोसावे लागते. ओल्या शेवाळाखाली तो पाण्याबाहेरही काही तास तग धरतो. पंप, तापक आणि गाळणी यांपैकी काहीही नसलेल्या पेटीत असाच मासा टिकणार होता. ब्लेनी मत्स्यालयाला मानवते, या समजुतीचे मूळ बहुधा येथे आहे, आणि पुढे प्रवाळभित्तीवर, जेथे पाण्याचे तापमान व खारेपणा वर्षभर जवळजवळ स्थिर असतो तेथे राहणाऱ्या तिच्या नातलगांनाही तीच कीर्ती आयती मिळाली, ती मात्र पारखून घेतलेली नव्हती.

या लाटेची किंमत किनाऱ्याने मोजली. गॉस यांचे चिरंजीव एडमंड गॉस यांनी १९०७ मधील ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात, वडिलांच्या पुस्तकांनी प्रेरित झालेल्या हौशी लोकांनी डेव्हनच्या खडकातील जिवंत डबकी कशी ओरबाडून नेली, याविषयी खंत नोंदवली आहे. पाळण्याच्या छंदाचा भार ज्या जागेवरून जीव येतात तिच्यावर पडतो, हे या व्यापाराच्या पहिल्याच पिढीत दिसून आले होते, आणि ते पुढच्या शंभर वर्षांत विसरले गेले, हे या इतिहासातील सर्वांत खेदाचे प्रकरण आहे.

तंत्राच्या बाजूने त्या काळातील सर्वांत महत्त्वाचा माणूस विल्यम ॲल्फर्ड लॉइड होय. लंडनमध्ये सागरी जीवांची विक्री करणाऱ्या लॉइड यांनी ओळखले की वनस्पती आणि प्राणी यांचा कागदावरचा समतोल समुद्राच्या पाण्यात फार काळ टिकत नाही. त्याऐवजी दर्शनी टाक्यांच्या खाली अंधारात त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा पाण्याचा साठा ठेवावा आणि तेच पाणी अखंड फिरवत राहावे. हॅम्बुर्गचे १८६४चे आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे १८७१चे मत्स्यालय त्यांनी या तत्त्वावर चालवले. साठ्यातील दगडगोट्यांवर वाढणारे जिवाणू पाणी शुद्ध करतात, हे त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. नायट्रीकरण करणारे, म्हणजे माशांच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास वेगळे केले. उपाय आधी सापडला आणि कारण नंतर, असे या क्षेत्रात वारंवार घडलेले आहे.

भारतात सार्वजनिक सागरी मत्स्यालय प्रथम मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ मध्ये उघडले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बंद पडले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय पारशी दात्याच्या देणगीतून उभे राहून १९५१ मध्ये सुरू झाले, आणि मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी प्रवाळातले रंगीत मासे पहिल्यांदा पाहिले ते त्याच्या काचांमागे. अशा संस्थांना समुद्र दाराशी असल्याने पाणी बदलण्याची सोय होती. घरात टाकी ठेवणाऱ्याला ती नव्हती, म्हणून घरगुती छंद मुख्यतः गोड्या पाण्याचाच राहिला. गप्पी, सोनमासे आणि एंजेल यांनी भरलेल्या टाक्या क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत ज्या संख्येने दिसतात, तिच्या मानाने खाऱ्या पाण्यातील माशांचा बाजार आजही लहान आहे.

उष्ण कटिबंधातील सागरी माशांचा घरगुती व्यापार वाढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्यामागे तीन साध्या वस्तू होत्या. पहिली म्हणजे विमान. प्रवाळभित्तीवर पकडलेला मासा बोटीतून आठवडे घालवण्याऐवजी एक-दोन दिवसांत युरोप-अमेरिकेत पोचू लागला. दुसरी म्हणजे प्लास्टिकची पिशवी, जिच्यात थोडे पाणी आणि वर शुद्ध प्राणवायू भरून मासा उष्णतारोधक खोक्यात रचता येतो. तिसरी, आणि सागरी मत्स्यालयाच्या दृष्टीने निर्णायक, म्हणजे काच काचेला जोडणारे सिलिकोन. त्यापूर्वीच्या टाक्या लोखंडी चौकटीत लांबी भरून केलेल्या असत. गोड्या पाण्यात त्या वर्षानुवर्षे चालत, पण खाऱ्या पाण्याने चौकट गंजे आणि धातूचा अंश पाण्यात उतरून मासे दगावत. १९६०च्या दशकापासून सिलिकोनने जोडलेल्या निव्वळ काचेच्या टाक्या येऊ लागल्या आणि हा जुना विषप्रयोग थांबला. १९६४ मध्ये अमेरिकेत ‘इन्स्टंट ओशन’ हे तयार समुद्री मीठ बाजारात आले. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार या प्रमाणात ते विरघळवले की गॉस यांच्या कृतीची उजळणी न करताही समुद्रजल तयार होई.

मासे येत होते प्रथम सिलोनमधून आणि हवाईतून, मग फिलिपिन्समधून आणि इंडोनेशियातून. सिलोनमधील पाणबुडे रॉडनी जोंक्लास यांचे १९७५चे ‘कलेक्टिंग मरीन ट्रॉपिकल्स’ हे पुस्तक त्या काळच्या काळजीपूर्वक, जाळीने आणि हाताने मासे पकडण्याच्या कसबाचा दस्तऐवज आहे. फिलिपिन्समध्ये मात्र १९६०च्या दशकात वेगळी पद्धत रुजली: सोडियम सायनाइडच्या गोळ्या पाण्यात विरघळवून ते द्रावण पिचकारीने प्रवाळाच्या कपारीत मारायचे आणि गुंगलेला मासा बाहेर ओढायचा. बिळात राहणाऱ्या माशांना ही पद्धत सर्वांत जास्त भोवली, कारण बीळ हाच त्यांचा आसरा आणि बिळातच विष जाते. पेशींचे श्वसन रोखणाऱ्या या विषाने अनेक मासे जागीच मरत, वाचलेल्यांची इंद्रिये निकामी होऊन ते दुकानात किंवा घरी पोचल्यावर मरत, आणि भोवतालचे प्रवाळ पांढरे पडून नष्ट होई. पकडणारा कोळी गरीब होता, त्याला खोक्यामागे नव्हे तर माशामागे पैसे मिळत, आणि सायनाइड जाळ्यापेक्षा लवकर काम करी. दोष केवळ त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दूरच्या शहरातील ग्राहकाला मासा स्वस्त हवा होता आणि तो मेला तर दुसरा घेणे त्याला परवडत होते.

हा मासा ज्या टाकीत पडे तिचे वर्णन आज वाचताना ती मत्स्यालयापेक्षा रुग्णालयाच्या जवळची वाटते. तळाशी चुरलेले शिंपले, त्याखाली हवेच्या जोरावर पाणी खेचणारी गाळणी, वर ब्लीचने पांढरे केलेले मृत प्रवाळाचे सांगाडे. सागरी माशांना ग्रासणाऱ्या सूक्ष्म परजीवींवर तांब्याचे क्षार हा त्या काळातील मुख्य उपाय होता आणि तो परिणामकारकही होता. पण तांबे शंख-शिंपल्यांना, प्रवाळाला आणि शेवाळालाही मारते. जे थोडे शेवाळ तरीही उगवे ते अस्वच्छतेचे लक्षण समजून सांगाडे काढून पुन्हा ब्लीच केले जात. दिवसभर खडक खरवडत राहण्यासाठी ज्याचे तोंड घडले आहे त्या माशाला अशा टाकीत वरून टाकलेले कोळंबीचे तुकडे पुरत नव्हते. स्टीफन स्पॉट यांनी १९७०च्या पुस्तकात बंदिस्त पाण्याचे रसायन आणि गाळणीतील जिवाणूंचे काम पद्धतशीर मांडले, त्यामुळे अमोनियाने होणारे मृत्यू कमी झाले. ब्लेनीच्या भुकेचा प्रश्न त्याने सुटणारा नव्हता.

तो सुटला दुसऱ्या दिशेने. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये अमेरिकी नियतकालिकातून आपली पद्धत प्रसिद्ध केली: समुद्रातून नुकताच आणलेला, शेवाळ, कृमी, स्पंज आणि जिवाणू यांनी भरलेला सच्छिद्र खडक टाकीत ठेवायचा, पाणी हवेच्या हलक्या बुडबुड्यांनी हलते ठेवायचे, आणि औषध वापरायचे नाही. या ‘जिवंत खडका’च्या बाहेरच्या थरात प्राणवायूवर जगणारे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात आणि आतल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या पोकळ्यांत दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात, त्यामुळे गाळणीचे काम खडकच करतो. उष्ण समुद्राच्या काठी राहणाऱ्या ली यांना ताजा खडक आणि ऊन दोन्ही उपलब्ध होते. थंड देशांतील छांदिष्टांना ते जमेना आणि पद्धत बराच काळ मागे पडली. १९७०च्या दशकात पीटर विल्केन्स आणि बर्लिनमधील मंडळींनी जिवंत खडकाला तीव्र प्रकाश आणि फेसगाळणीची, म्हणजे बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर विरघळलेली सेंद्रिय घाण वर काढून टाकणाऱ्या उपकरणाची, जोड दिली. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने प्रवाळ असलेली टाकी अमेरिकी वाचकांपुढे आणली, आणि काही वर्षांत जुनी पांढरी टाकी कालबाह्य झाली.

नव्या टाकीत तांबे घालता येत नव्हते, प्रकाश प्रखर होता, खडक जिवंत होता. साहजिकच शेवाळ फोफावले. मालकाला तेच नको होते. येथे ब्लेनीचे स्थान एका रात्रीत बदलल्यासारखे झाले: ज्या जातीची उपाशी मरण्याचीच शक्यता अधिक होती, ती आता पगारी सफाई कामगारासारखी टाकीत आणली जाऊ लागली. लॉनमोअर ब्लेनी सुमारे १४ सेंटिमीटरपर्यंत, तर बायकलर ब्लेनी सुमारे ११ सेंटिमीटरपर्यंत वाढते, खडकात बिळे भरपूर असतात, बहुतेक अन्य माशांशी वैर नसते, आणि मासा टाकीच्या पुढच्या भागात, नजरेसमोर बसतो. योग्यतेचे सारे निकष एकदम जुळले.

परंतु कामगार म्हणून आणण्यातच नव्या उपासमारीचे बीज होते. बाजारात रुळलेली सल्ला देण्याची पद्धत अशी की टाकीत शेवाळ झाले की ब्लेनी आणावी; ती आणल्यावर काही आठवड्यांत खडक स्वच्छ होतो, मालक समाधानी होतो, आणि माशाचे अन्न संपते. सुरुवातीला ओठांच्या त्या खुणा काचेवर दिसेनाशा होतात, मग वरून पाहिल्यास डोक्याच्या मागे शरीर अरुंद होत जाते, पोट आत ओढले जाते, आणि मासा बसून राहण्यात जास्त वेळ घालवू लागतो. अशा माशाला वाळवलेल्या नोरी शेवाळाचे तुकडे, स्पायरुलिनायुक्त खाद्य आणि जुन्या, पूर्ण मुरलेल्या टाकीचा आधार द्यावा लागतो. नव्या, कोऱ्या टाकीत त्याला सोडणे हे १९६०च्या दशकातील चूक नव्या साहित्याने पुन्हा करणे आहे. एकाच टाकीत एकाच जातीच्या किंवा दिसायला सारख्या दोन ब्लेनी ठेवल्या तर बिळावरून आणि चरण्याच्या जागेवरून भांडणे होतात, आणि भूक लागलेल्या काही ब्लेनी प्रवाळाच्या मांसल कडा किंवा मोठ्या शिंपल्यांचे ओठ टोचतात. यातील बराचसा भाग माशाच्या स्वभावाचा नसून पाळणाऱ्याच्या हिशेबाचा आहे.

कुलातील सर्वच मासे शेवाळभक्षक नाहीत, आणि व्यापाराने या फरकाकडे पुरेसे लक्ष दिले नाही. ‘एक्सेनियस मिडास’ ही १९६९ मध्ये वर्णिलेली सोनेरी ब्लेनी बिळात राहते खरी, पण प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, टिपण्यासाठी ती बाहेर पोहते आणि नारिंगी अँथिया माशांच्या थव्यात मिसळून त्यांच्यासारखी दिसते. ‘मेयाकँथस’ प्रजातीच्या ब्लेनींच्या खालच्या जबड्यात पन्हळी असलेले दोन मोठे सुळे असून त्यांच्या मुळाशी विषग्रंथी असतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या विषात अफूसारखी क्रिया करणारी पेप्टाइडे आणि रक्तदाब उतरवणारे घटक आढळले. मोठा मासा तिला गिळतो आणि चावा बसताच थुंकून देतो, म्हणून तिची नक्कल करणाऱ्या निर्विष जातीही उत्क्रांत झाल्या. याच कुलातील ‘ॲस्पिडाँटस’ ही नक्कलखोर ब्लेनी स्वच्छता करणाऱ्या रासे माशाचा निळा-काळा पट्टा आणि नाचरी चाल यांची हुबेहूब नक्कल करते आणि जवळ आलेल्या माशाच्या परांचे लचके तोडते. इरेनायस आयब्ल-आयबेसफेल्ट यांनी १९५०च्या दशकात समुद्रात या वर्तनाचा अभ्यास केला. तोंडाचे ठिकाण पाहिले की फरक कळतो: स्वच्छकाचे तोंड टोकाला असते, नक्कलखोराचे नाकाडाच्या खाली. हे न पाहता भरलेल्या खोक्यांतून अशा ब्लेनी दुकानांत आणि तेथून घरगुती टाक्यांत गेल्या आहेत.

व्यापाराचे आकारमान सांगणारे पहिले मोठे जागतिक संकलन संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न केंद्राने २००३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार दर वर्षी २ ते २.४ कोटी सागरी शोभिवंत मासे १,४७१ जातींतून विकले जात होते आणि त्यांतील जवळजवळ निम्मे डॅमसेल व क्लाऊन मासे होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील आयातीच्या अभ्यासात २००४-०५ या एकाच वर्षाच्या मालाच्या पावत्या तपासून १ कोटी १० लाखांहून अधिक मासे आणि १,८०२ जाती मोजल्या गेल्या, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मासे फिलिपिन्समधून व त्याखालोखाल इंडोनेशियातून आलेले होते. सरकारी जाहीरनाम्यांत बहुतेक मासे ‘उष्ण कटिबंधीय सागरी मासे’ अशा एकाच सदराखाली येत असल्याने जातवार आकडे पावत्यांतूनच काढावे लागले. स्वस्त आणि छोट्या ब्लेनीचे नाव अशा सदरात सर्वांत आधी बुडते, आणि ज्या जातीची मोजणी होत नाही तिच्या रक्षणाचा प्रश्नही मांडला जात नाही. जिवंत खडकाविषयी भारतापुरते धोरण मात्र स्पष्ट आहे: वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ मध्ये कठीण प्रवाळांचा समावेश झाल्यापासून भारतीय समुद्रातून प्रवाळ काढणे हा गुन्हा आहे. समुद्रातून जिवंत खडक काढण्याऐवजी अलीकडे अनेक देशांत मातीचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र खडक करून त्यांवर टाकीतच जिवाणू वाढवण्याकडे कल वळला आहे, आणि तोच रास्त मार्ग आहे.

टाकीतच जन्मलेले मासे विकण्याची सुरुवात क्लाऊन माशांपासून झाली. फ्लोरिडात मार्टिन मो यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी त्यांचे व्यापारी प्रमाणावर संवर्धन केले. ब्लेनींमध्ये मेयाकँथस प्रजातीच्या काही जाती आज संवर्धन केंद्रांतून येतात. एक्सेनियस आणि सॅलॅरियस यांची गोष्ट अवघड आहे. त्यांची अंडी नर राखतो आणि ती टाकीतही घातली जातात. पण पिल्ले बाहेर पडताच मोकळ्या पाण्यात तरंगणारे, डोळ्यांनाही धड न दिसणारे जीव असतात, त्यांना त्याहून बारीक जिवंत अन्न दिवसरात्र मिळावे लागते, आणि तळाशी बसण्याच्या अवस्थेपर्यंत पोचायला त्यांना आठवडे लागतात. एवढा खर्च करून वाढवलेली ब्लेनी समुद्रातून पकडलेल्या ब्लेनीशी किमतीत स्पर्धा करू शकत नाही, म्हणून दुकानातील बायकलर किंवा लॉनमोअर ब्लेनी बहुधा अजूनही कोणत्या तरी प्रवाळाच्या बिळातून आलेली असते. ग्राहकाने ती कोठून आणि कशी पकडली हे विचारायला सुरुवात केली आणि जाळीने पकडलेल्या किंवा टाकीत वाढवलेल्या माशासाठी जास्त पैसे मोजले, तरच हा हिशेब बदलू शकेल. फिलिपिन्समध्ये सायनाइड सोडून जाळीकडे परतलेल्या कोळ्यांना प्रशिक्षणानंतर सर्वांत जास्त अडचण आली होती ती तो जास्तीचा भाव मिळण्याचीच.